सायकलने घाट चढायचा तर

वाई सोडून पाचगणीकडे निघालं की थोड्याच वेळात रस्ता चढू लागतो. हा पसरणी घाट. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आहे आणि पाचगणी १,२९० मीटरच्या आसपास. म्हणजे जेमतेम बारा किलोमीटरमध्ये आपल्याला स्वतःसकट सायकल पावणेसहाशे मीटर वर न्यायची असते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी या घाटात एक दृश्य हमखास दिसतं. पहिल्या किलोमीटरला जोरात पुढे गेलेले सायकलस्वार चौथ्या-पाचव्या किलोमीटरला कठड्याला सायकल टेकवून धापा टाकत असतात, आणि मागून सावकाश आलेला एखादा एकसारख्या लयीत त्यांना ओलांडून निघून जातो. थांबलेली माणसं कमकुवत असतात असं मुळीच नाही. त्यांच्याकडून बहुतेक वेळा दोनच गोष्टी चुकलेल्या असतात: गिअर जड राहिलेला असतो आणि सुरुवात घाईने झालेली असते. या दोन्ही चुका सुधारता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी आधी घाट आपल्याकडून नेमकं काय मागतो ते पाहू.

चढ टक्क्यांत मोजतात. शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर गेलो, तर तो पाच टक्क्यांचा चढ. पसरणी घाटाची सरासरी याच्याच जवळपास आहे. दोन टक्क्यांचा चढ डोळ्यांना जाणवतही नाही, पायांना मात्र कळतो. आठ टक्क्यांच्या पुढे तो डोळ्यांनाही दिसतो आणि बोलणं आपोआप बंद होतं.

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाताना आपली तीन-चतुर्थांशाहून अधिक ताकद समोरची हवा कापण्यात जाते. घाटात वेग कमी असल्यामुळे हवेचा अडथळा जवळजवळ उरत नाही. तिथे सगळी झुंज वजनाशी असते. समजा आपण आणि सायकल मिळून ८० किलो आहोत आणि पाच टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटरने जातो आहोत. यासाठी सुमारे १३० वॉट लागतात. वॉट हे ऊर्जा किती वेगाने खर्च होते ते मोजण्याचं माप. विजेच्या दिव्यावर लिहिलेलं असतं तेच. या १३० पैकी ११० वॉट निव्वळ वजन वर उचलण्यात जातात.

याच हिशेबाने बारा किलोमीटरला १ तास १२ मिनिटं लागतात. तोच घाट बरोबर एका तासात चढायचा असेल तर १६० वॉटच्या घरात ताकद लागते, तीसुद्धा सबंध तासभर. म्हणून पाच मिनिटं जोर दाखवणाऱ्या पायांपेक्षा तासभर सारखं काम करणारे पाय घाटात जास्त उपयोगी पडतात. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

तयारीची पहिली पायरी म्हणजे गिअर. इथे जरा सावकाश जाऊ, कारण सर्वांत जास्त माणसं इथेच अडकतात.

पेडलजवळ जी दातेरी चक्रं असतात त्यांना चेनरिंग म्हणतात, आणि मागच्या चाकावरच्या चक्रांच्या जुडग्याला कॅसेट. पुढचं चक्र जितकं लहान आणि मागचं जितकं मोठं, तितका गिअर हलका. मिनिटाला पेडलचे किती पूर्ण फेरे होतात, त्या आकड्याला केडन्स म्हणतात. सपाटीवर हा आकडा ८० ते ९५च्या दरम्यान सोयीचा वाटतो. घाटात तो ७०च्या आसपास टिकवता आला तर उत्तम, ६० चालेल. पन्नासच्या खाली गेला की प्रत्येक फेऱ्याला मांड्यांना आणि गुडघ्यांना हिसका द्यावा लागतो, स्नायू लवकर भरून येतात आणि मग कितीही दम असला तरी पाय ऐकत नाहीत.

आता आपल्या सायकलचे दाते मोजा. जुन्या धाटणीच्या रेसिंग सायकलला पुढचं लहान चक्र ३९ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं २५ दात्यांचं असे. या जोडीवर ताशी १० किलोमीटरने जाताना केडन्स फक्त ५१ येतो. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर तो ६५ होतो. पुढे ३४, मागेही ३४ असेल तर ७९. वेग तोच, ताकद तेवढीच, पण पायांवरचा भार पार बदललेला. एखाद्या तुकड्यात चढ आठ टक्क्यांवर गेला आणि वेग सातवर आला, तर हेच आकडे अनुक्रमे ३६, ४६ आणि ५६ होतात. छत्तीसच्या केडन्सने घाट चढणं म्हणजे गुडघ्यांचं नुकसान विकत घेणं.

मोठी कॅसेट बसवून घेण्यात कमीपणा आहे असं अजूनही काही सायकलस्वारांना वाटतं. हा समज सोडून द्यावा. मोठमोठ्या शर्यतींतले व्यावसायिक सायकलपटूसुद्धा खड्या चढांसाठी हलके गिअर लावून घेतात, आणि त्यांची ताकद तर आपल्या दुपटीहून अधिक असते. कॅसेट बदलण्याआधी मात्र मेकॅनिकला दोन प्रश्न विचारा. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या मागच्या यंत्राला डिरेलर म्हणतात. आपला डिरेलर एवढं मोठं चक्र पेलेल का, हा पहिला प्रश्न. चेनची लांबी वाढवावी लागेल का, हा दुसरा. हे न बघता कॅसेट बदलली तर नेमकी खड्या चढावर चेन अडकते किंवा डिरेलर वाकतो.

गिअरइतकीच सीटची उंचीही तपासा. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात हलकासा बाक राहील. सीट खाली असेल तर घाटात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असेल तर कंबर दोन्ही बाजूंना हेलकावते आणि गुडघ्यामागची शीर ओढली जाते. घाटानंतर गुडघा दुखला की माणसं मलम लावतात; त्याआधी सीट बघावी.

पुढची गोष्ट वजन. एकूण वजन एक किलोने घटलं तर पसरणी घाटात पाऊण मिनिटाच्या आसपास वाचतं. पाच किलो घटलं तर चार मिनिटांहून थोडं जास्त. आता हाच हिशेब महागड्या हलक्या चाकांना लावून पाहा: अर्धा किलो कमी करायला बरेच पैसे मोजायचे आणि हाती पंचवीसेक सेकंद यायचे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी कॅसेट, मग चांगले टायर. शरीराचं वजन खरंच जास्त असेल तर ते महिन्याला एक-दोन किलो या गतीने उतरवावं. सरावाच्या दिवसांत उपाशी राहून वजन उतरवायला गेलं की आधी ताकद उतरते आणि आजारपण येतं. ही चूक मी जवळच्या माणसांत पाहिली आहे, आणि त्यातून सावरायला त्यांना सबंध हंगाम लागला.

आता सराव. दोन महिने हाताशी ठेवा आणि आठवड्याचे तीन किंवा चार दिवस सायकलला द्या. त्यातले बहुतेक दिवस सावकाश चालवण्याचे हवेत. सावकाश म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येतील असं. याने हृदय आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या तासन्‌तास काम करायला तयार होतात. त्यातली एक फेरी लांबची असू द्या, दोन ते चार तासांची.

आठवड्यातला एक दिवस कष्टाचा. वीस मिनिटं अंग गरम केल्यावर दहा मिनिटं अशा जोराने चालवा की तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येणार नाही, पण घुसमटही होणार नाही. मग पाच मिनिटं अगदी हलकं. असं तीन वेळा. या जोराच्या पातळीला उंबरठा म्हणू: त्याच्या खाली आपण बराच वेळ टिकतो, त्याच्या वर गेलं की काही मिनिटांतच पाय जळू लागतात. दर दोन आठवड्यांनी जोराचा काळ थोडा वाढवत दोन वेळा वीस मिनिटांपर्यंत न्या. या एका व्यायामाने घाटातला वेग जितका वाढतो, तितका दुसऱ्या कशाने क्वचितच वाढत असेल.

इथली नेहमीची चूक म्हणजे रोजच मध्यम जोराने चालवणं. सावकाश जायचा कंटाळा येतो, कष्टाच्या दिवशी पाय आधीच थकलेले असतात, आणि दोन महिन्यांनी आपण जिथे होतो तिथेच असतो. तीन आठवडे सराव वाढवला की चौथा आठवडा अर्ध्यावर आणा. शरीर बळकट होतं ते विश्रांतीच्या दिवसांत.

आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा खरा घाट मिळाला तर उत्तम. पुण्यात असाल तर जुन्या कात्रज घाटाने सुरुवात करा, तो मवाळ आहे. सिंहगडाचा रस्ता नंतरसाठी ठेवा, तो पसरणीपेक्षा खडा आहे. साताऱ्याच्या माणसाला यवतेश्वर, कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळा. नागपूर किंवा सोलापूरच्या सपाटीवर राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. समोरून येणारा जोराचा वारा हा त्यांचा घाट. वाऱ्याविरुद्ध हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवून, एकाच लयीत दहा-पंधरा मिनिटं चालवलं तर पायांना घाटाची बरीच सवय होते. घरात सायकल स्टँडवर लावून केलेला उंबरठ्याचा व्यायामही तितकाच कामाचा.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं बैठका, पायऱ्या चढणं आणि पोट-कंबरेचे व्यायाम करा. कंबर दुबळी असली की चढावर खांदे आणि हात हँडल ओढू लागतात, आणि पायांना मिळायची ताकद तिथे वाया जाते. चाळिशी उलटली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह असेल तर हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. चढताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि मदत मागा.

आता प्रत्यक्ष घाटाचा दिवस. उन्हाळ्यात सूर्योदयाला पायथ्याशी असावं. चढावर वेग कमी, त्यामुळे वारा लागत नाही आणि घाम वाळत नाही. दहानंतरच्या उन्हात तोच घाट दीडपट वाटतो. शिवाय उशीर केला की पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग लागते.

निघण्याच्या दोन तास आधी वाटीभर पोहे किंवा उपमा खा. वाईतून निघणार असाल तर तासाभराच्या चढासाठी बाटलीभर पाणी आणि एखादं केळं पुरतं. पण साताऱ्याहून पस्तीसेक किलोमीटर चालवत येणार असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पहिल्या अर्ध्या तासापासूनच दर तीस-चाळीस मिनिटांनी केळं, दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याची वडी तोंडात टाकत राहा. भूक लागल्यावर खाल्लेलं घाटात कामाला येत नाही, ते पचायलाच वेळ लागतो. पाण्यात चिमूटभर मीठ, लिंबू आणि साखर घाला. घामातून मीठ फार जातं आणि पोटऱ्यांत गोळे यायला तेही एक कारण असू शकतं.

चढ सुरू होतो तिथे गिअर आधीच हलका करा. सायकल जड झाल्यावर, सगळा भार पेडलवर असताना गिअर बदलला की चेन कुरकुरते, कधी उतरते, आणि उतरली की भर चढावर पाय टेकावा लागतो. गिअर बदलतानाच्या क्षणापुरता पायांचा दाब सैल सोडायचा, ही सवय सपाटीवरच लावून घ्या. पुढचं मोठं चेनरिंग सोडून लहानावर येताना पाय एकदम रिकामे फिरतात. म्हणून त्याच वेळी मागे एक-दोन गिअर जड करावेत. लय तुटत नाही.

आणि आता पहिली दहा मिनिटं. पाय ताजे असतात, हवा गार असते, सोबतचे पुढे सुटलेले असतात. या दहा मिनिटांत आपल्याला वाटेल त्याहून सावकाश जा. श्वास नाकातोंडाने आरामात चालू असला पाहिजे आणि ‘हे जरा जास्तच सोपं आहे’ असं वाटलं पाहिजे. उंबरठा एकदा ओलांडला की त्याची भरपाई चढ चालू असताना होत नाही. त्यासाठी वेग अगदी खाली आणावा लागतो किंवा थांबावं लागतं. सुरुवातीला वाचवलेलं एक मिनिट शेवटी पाच मिनिटं घेऊन जातं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटासाठी ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब देतात. सपाटीवरचा वेग आणि घाटातला वेग या दोन वेगळ्या विद्या आहेत हे शर्यतीनेच मान्य केलं आहे. आपल्यापुढे सुटलेला माणूस सपाटीवर वेगवान असेल. त्याच्या मागे लागू नका.

दहा मिनिटांनी श्वास एका लयीत बसतो. इथून पुढे तीच लय सांभाळायची. शक्यतो बसून चढा, हात हँडलच्या वरच्या भागावर किंवा ब्रेकच्या मुठींवर सैल ठेवा, छाती मोकळी ठेवा. श्वास घेण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तुम्ही तो सोडण्याकडे लक्ष द्या. पूर्ण सोडलेला श्वास आपोआप खोल आत येतो. दर पाच मिनिटांनी स्वतःला तपासा: जबडा आवळलाय का, खांदे कानांकडे गेलेत का, मुठी घट्ट झाल्यात का. तिन्ही सैल करा.

मधूनमधून उभं राहून चालवणं चांगलं, पाठ आणि बूड मोकळं होतं. पण उभं राहिल्यावर शरीराचा भार पायांवर येतो आणि हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून ते अर्धा-एक मिनिटच. उभं राहण्याआधी मागचा गिअर एकाने जड करा, नाहीतर पाय रिकामा खाली जातो. उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते. मागे कुणी चिकटून येत असेल तर त्याचं चाक धडकू शकतं. आधी आवाज द्या.

वळणावर रस्ता आतल्या कडेला जास्त खडा असतो आणि बाहेरच्या कडेला मवाळ. डावीकडे वळताना आपण आपोआप आतल्या कडेला असतो, तेव्हा वळणाआधीच गिअर हलका करा. आपल्या बाजूत जागा असेल तेवढं बाहेरून जा, पण मधली रेषा ओलांडू नका. नागमोडी चालवून चढ सोपा करण्याची युक्ती काहीजण सांगतात. रहदारीच्या घाटात ती जिवावर बेतू शकते.

खडा तुकडा आला की नजर दूरच्या वळणावरून काढून पुढच्या वीस-तीस मीटरवर आणा. वेग पडू द्या. लय जपा, वेग जपू नका. चढ मवाळ झाला की लगेच गिअर जड करून जोर लावायचा मोह होतो. तिथे एक मिनिट श्वास परत मिळवून मगच वेग वाढवा.

थांबावं लागलं तर थांबा, त्यात काही वाईट नाही. फक्त जागा निवडून थांबा: वळण संपल्यावर, रुंद कडेला, जिथे चढ जरा कमी आहे आणि मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसतो. चढावर परत सुरुवात करणं अवघड असतं. गिअर हलका असू द्या, एक पेडल पुढे आणि थोडं वर आणा, ब्रेक सोडत त्यावर पूर्ण भार टाका. बूट अडकवून ठेवणारी पेडलं वापरत असाल तर थांबण्याच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवून घ्या. चढावर सायकल फार लवकर थबकते.

शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये मागे धोम धरणाचं पाणी दूर खाली राहिलेलं असतं. श्वास अजून ताब्यात असेल तर उरलेली ताकद इथे वापरा. नसेल तर सुरुवात अजूनही जोरात होते आहे असं समजा आणि पुढच्या खेपेला पहिला किलोमीटर आणखी सावकाश घ्या. वर पोचल्यावर दोनच गोष्टी लिहून ठेवा: एकूण वेळ, आणि कुठल्या किलोमीटरपासून त्रास झाला. महिन्याभराने त्याच घाटात, त्याच सुमारास, तोच नाश्ता करून या आणि तुलना स्वतःच्या त्या नोंदीशी करा.

उतरताना अंग घामाने भिजलेलं असतं आणि हवा गार लागते, म्हणून पातळ विंडचीटर खिशात असू द्या. बोटं आखडली तर ब्रेक नीट दाबला जात नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. ब्रेक सलग दाबून धरू नका, दाबून सोडा, नाहीतर रिम तापते. पावसाळ्यात शेवाळ, रस्त्यावरचे ओले पांढरे पट्टे आणि दरडीचे दगड यांवरून चाक सटकतं, धुक्यात गाडीवाल्याला आपण दिसत नाही. तेव्हा मागे लाल दिवा लावूनच निघा. आणि पाचगणीतून सायकल खाली वळवण्याआधी दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा.